बडोद्याच्या बाजारात जहाजाचा वायुभारमापक

बडोद्याला समुद्र नाही, तरीही जहाजांवरच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्याने या शहराकडे दुर्लक्ष करू नये, असे मला तिथे जाऊन आल्यावर ठामपणे वाटते. गायकवाडांच्या संस्थानाचा एक भाग थेट सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाच्या ओखामंडळापर्यंत होता आणि ओख्याचे बंदर याच संस्थानाने १९२६ साली सुरू केले. त्याहून महत्त्वाची गोष्ट आजची आहे. भावनगरजवळच्या अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जगभरातली जहाजे तोडली जातात, कारण खंभातच्या आखातातली भरती एवढी मोठी असते की अवाढव्य जहाजेही तिच्या जोरावर किनाऱ्यावर चढवता येतात. त्यांतून निघालेले कंदील, होकायंत्रे, गोल खिडक्या आणि हवेचा दाब मोजणारे वायुभारमापक (बॅरोमीटर) आधी तिथल्या वखारींत, म्हणजे ‘खाड्यां’त, येतात आणि पुढे गुजरातभर विखुरतात.

मी जानेवारीत पुण्याहून गेले आणि दांडिया बाजारात मावशीकडे उतरले. पहिली सकाळ सयाजीबागेतल्या संग्रहालयात घालवली. १८९४ सालच्या या इमारतीत निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो मासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. समुद्र या शहराच्या किती जवळ आहे, ते त्याच्यापुढे उभे राहिल्यावर नकाशापेक्षा अधिक पटते.

दुपारी मावशीच्या यजमानांबरोबर, म्हणजे काकांबरोबर, जुन्या वस्तूंच्या दुकानांत फिरलो. काकांनी निघतानाच बजावले होते, “चकाकी बघू नकोस गं, काटा बघ.” पहिल्या दुकानात पितळेचे एक षष्ठक यंत्र (सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून जहाजाचे स्थान काढायचे साधन) ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ म्हणून पुढे करण्यात आले. त्याच्यावर ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असे कोरलेले होते. ही कंपनी त्या नावाने १९४७ साली अस्तित्वात आली, त्यामुळे वस्तू नकली आहे हे सांगायला आणखी पुराव्याची गरज नव्हती. रुडकी आणि मुरादाबाद इथे अशा पितळी प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर बनतात. प्रतिकृती म्हणून विकल्या तर त्यांत काहीच वावगे नाही. पण जुन्या म्हणून विकल्या की खऱ्या वस्तूंवरचाही विश्वास उडतो, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. वायुभारमापकाचा काळ ओळखायला तबकडी आणि स्क्रू उपयोगी पडतात. मिलिबार या दाबाच्या एककाचे आकडे असतील तर तो साधारण विसाव्या शतकातला, हेक्टोपास्कल हे त्याचेच नवे नाव लिहिलेले असेल तर १९८० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा, आणि मूळ स्क्रूंना अधिक चिन्हासारखी खाच असेल तर १९३० च्या आधीचा नक्कीच नाही. अलंगला येणारी बहुतेक जहाजे काही दशके चाललेली असतात. तेव्हा तिथल्या मालाला ‘जुना’ म्हणावे, ‘पुरातन’ म्हणू नये. आपल्या १९७२ च्या कायद्यानेही पुरावस्तू ठरायला सर्वसाधारणपणे शंभर वर्षे लागतात.

मला हवा तसा वायुभारमापक एका अरुंद दुकानात, विजेच्या पंख्यांच्या मागे मिळाला. पितळ काळवंडलेले, तबकडीवर ‘स्टॉर्मी’ (वादळी) पासून ‘व्हेरी ड्राय’ (अगदी कोरडे) पर्यंतचे शब्द, पोलादाचा निळसर काटा आणि त्याच्यावर हाताने फिरवायचा दुसरा पितळी काटा. घरी आल्यावर काकांनी जेवणाच्या टेबलावर पांढरे फडके पसरून त्याची पाठ उघडली. आत वलयांच्या सुरकुत्या असलेली धातूची चपटी डबी होती. फ्रान्सच्या ल्यूसिआं विदी याने १८४४ मध्ये पेटंट घेतलेली हीच ती रचना. डबीतली हवा काढून टाकलेली असते आणि एक भक्कम कमान (स्प्रिंग) तिला चेपू देत नाही. हवेचा दाब वाढला की डबी किंचित आत जाते आणि तरफांमधून, केसाएवढ्या बारीक साखळीने ती हालचाल काट्यापर्यंत पोहोचते. त्या साखळीवर गंजाचा एक ठिपकाही नव्हता. आम्ही यंत्र पुन्हा बंद केले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट आवळले आणि पिशवी हलकेच दाबली. काटा लगेच वर सरकला आणि हात काढताच परत आला.

खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी झाली. आपल्याकडे हवेचा दाब रोज साधारण सकाळी दहाला चढतो आणि दुपारी चारला उतरतो, आणि रात्री हाच क्रम पुन्हा होतो. युरोपात सततच्या वादळी हवामानात हे चढउतार सहसा झाकले जातात. आपल्याकडे ते घड्याळासारखे नियमित दिसतात. दहा वाजता काटा तीस इंचांच्या (दाब पाऱ्याच्या उंचीच्या इंचांत मोजतात) किंचित खाली होता. तिथेच मी पितळी काटा जुळवून ठेवला. चार वाजता काचेवर बोटाने अलगद टिचकी मारली, तेव्हा निळा काटा सुमारे एक दशांश इंच खाली आला होता. मावशी चहा घेऊन आली, तिलाही मी तो फरक दाखवला. भारतात वायुभारमापक घेणाऱ्या प्रत्येकाने दुकानदाराकडे एक दिवसाची मुदत मागावी आणि ही फुकटची परीक्षा घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

दाब झपाट्याने उतरला की वादळ येत असल्याचे कळे, म्हणून या यंत्रांवर खलाशांचे जीव अवलंबून होते. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर ब्रिटिश नौदल अधिकारी आणि हवामानतज्ज्ञ रॉबर्ट फिट्झरॉय यांनी ब्रिटिश बंदरांना तारेने वादळाचे इशारे पाठवण्याची व्यवस्था उभी केली. अशी वस्तू घासूनपुसून दिवाणखान्यात नुसती शोभेला टांगणे मला रुचत नाही. ती चालती ठेवावी, आणि जहाजाचे नाव कळले तर कागदावर लिहून पाठीमागे चिकटवावे. माझ्या दुकानदाराला जहाज ठाऊक नव्हते, म्हणून मी खरेदीची तारीख आणि गावच लिहून ठेवले.

परतीच्या गाडीत यंत्र मांडीवर होते. कर्जत सुटले आणि बोरघाटात काटा डोळ्यांदेखत उतरू लागला. लोणावळ्यापर्यंत तो दोन इंचांच्या आसपास खाली आला. पुण्यात तो आता बाराही महिने ‘स्टॉर्मी’च्या आसपासच राहणार, कारण जहाजाची तबकडी समुद्रसपाटीसाठी आखलेली असते. बडोद्याची चाळीसेक मीटरची उंची पाठीमागच्या स्क्रूने सहज भरून काढता येते. पुण्याची साडेपाचशे मीटरची उंची त्याच स्क्रूने भरून काढायची म्हणजे कमानीवर नको तेवढा ताण येईल, म्हणून मी त्याला हात लावलेला नाही. तबकडीवरचे शब्द बाजूला ठेवून मी रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला नुसता आकडा वहीत टिपते.