माझा फोटो काढा की मॅडम

२०२५ च्या जूनचा दुसरा आठवडा. गेटवर ॲडमिशनची गर्दी, खिडकीपाशी झेरॉक्सच्या पिशव्या घेतलेले पालक, आणि मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात कानाला मोबाईल लावून बसलेली. आदल्या वर्षी आमच्याकडून बी.कॉम. होऊन बाहेर पडलेल्या ११२ मुलांना फोन करून एकच विचारायचं होतं, "सध्या काय करतोस?"

हे काम नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, वार्षिक अहवालासाठी. त्याला एक्यूएआर म्हणतात. आमचा नेहमीप्रमाणे मागं राहिलेला. त्यातला विद्यार्थ्यांविषयीचा भाग, क्रायटेरिया पाच, माझ्याकडे. त्यात ५.२.१ ला नोकरी लागलेली मुलं भरायची आणि ५.२.२ ला पुढच्या शिक्षणाला गेलेली. ५.२.१ च्या तक्त्याचे रकाने मला आता पाठ झालेत: विद्यार्थ्याचं नाव आणि फोन, कोर्स, नोकरी देणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि शेवटी नेमणुकीच्या वेळचं पॅकेज. 'नेमणुकीच्या वेळचं' हे शब्द मी तीन वर्षं भरत होते आणि त्यांच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. पोरगा आज तिथं आहे की नाही, हे विचारणारा रकानाच नाही.

सकाळपासून चाळीसेक फोन झाले. पहिले काही कुजबुजतच उचलले गेले, "मॅडम, अभ्यासिकेत आहे, बाहेर येऊन करतो." हे एमपीएससीवाले. पोलीस भरतीवाले मात्र मोकळ्या आवाजात बोलतात, कारण सकाळी सोळाशे मीटर पळून ते झोपायच्या बेतात असतात. एकाला विचारलं, "अरे, पण सध्या काय?" तर म्हणाला, "सध्या पाच सेकंद कमी पडालेत मॅडम."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या डिस्पॅचला असलेला मुलगा सापडला. मी खूश. "अपॉइंटमेंट लेटर पाठवतोस का?" तर म्हणाला, "लेटर न्हाई ओ, आय-कार्ड हाय. पण त्याच्यावर कंपनीचं नाव न्हाई, कॉन्ट्रॅक्टरचं हाय. चालंल काय?" आमच्या फाइलला चालत नाही. तो आठ महिने रोज आठ तास उभा राहून चलनं लिहितोय, पण कागदाअभावी आमच्या तक्त्यात तो नाही.

एक मुलगी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका सरकारी कार्यालयात बसते. पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन. आधी सहा महिने होते, मग वाढवून अकरा केले. "मॅडम, ऑगस्टात माझे अकरा संपतात. तुम्ही आत्ताच लिहून घ्या," ती म्हणाली. नोकरी म्हणून लिहू की प्रशिक्षण म्हणून, हे मी विचारायच्या आत तिनंच सांगितलं, "ऑफिसात सगळे मला 'ते योजनेतली' म्हणतात."

एका ठिकाणी आईनं फोन उचलला. "तिचं लग्न झालं की ओ मे महिन्यात. इचलकरंजीला दिली." मी विचारलं, नोकरी वगैरे? "कशाला? बरं चाललंय की तिचं." मी एक्सेलमध्ये आडवी रेघ मारली. अशा रेघा त्या दिवशी बऱ्याच झाल्या, आणि त्यातल्या बहुतेक मुलींच्या नावापुढं. हे दरवर्षीचंच, म्हणून त्यावर मी फार थांबले नाही. थांबायला पाहिजे होतं, असं आता लिहिताना वाटतंय.

बाराच्या सुमाराला दारात एक मुलगा उभा. "येऊ काय मॅडम?"

चेहरा ओळखीचा, पण नाव चटकन आठवेना. मग लक्षात आलं, रोज सकाळी गेटमधून आत येताना मी याला बघते. प्लेसमेंटच्या फ्लेक्सवर, वरून दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा. त्या फ्लेक्सवर २३ चेहरे आहेत आणि पोरांच्या अंगात एकच निळा कोट आणि एकच लाल टाय. फ्लेक्सवाल्यानं तो कोट एकदा कुठून तरी घेतला आणि सगळ्यांच्या मानेखाली चिकटवला. या मुलाची मान जरा बारीक, त्यामुळं कॉलर आणि गळ्यामध्ये पांढरी फट राहिलीय. खाली लिहिलंय: पॅकेज २.८८ लाख.

"बस की," मी म्हटलं.

"न्हाई, बसत न्हाई. एकच काम हुतं. माझा फोटो काढा की मॅडम."

मला वाटलं, मार्कशीटवरचा वगैरे. तो म्हणाला, "गेटवरचा."

गाव भोगावतीच्या काठचं. रंकाळा स्टँडवरून एसटीनं येऊन तीन वर्षं शिकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या हॉलमध्ये पुण्याची एक कंपनी आली होती, कर्जाची आणि कार्डांची विक्री करणारी. तिनं सात मुलं घेतली, त्यात हा एक. जुलैत रुजू झाला, नोव्हेंबरात परत आला.

"सांगायचं तरी," मी म्हटलं.

"कुणाला सांगायचं?" त्यानं अगदी साधेपणानं विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. परत आल्यावर कळवायला आमच्याकडे खरंच कुणी माणूस नव्हतं.

मग बसला. चहा घेतला. आणि मोबाईलमधून एका वहीच्या पानाचा फोटो दाखवला. बी.कॉम.चं पोरगं ते. पुण्यात असताना त्यानं महिन्याचा हिशेब लिहिला होता, जुन्या पद्धतीनं डावीकडे जमा, उजवीकडे नावे. २,८८,००० म्हणजे कागदावर महिना २४,०००. त्यातले ५,००० टार्गेट पुरं झालं तर. पीएफ कंपनीचा आणि याचा, दोन्ही त्यातूनच. ईएसआय, प्रोफेशन टॅक्स. जमा बाजूला उरले १५,०००. नावे बाजूला: कॉट बेसिसची खोली ४,०००, मेस ३,५००, पेट्रोल ४,०००, मोबाईल आणि किरकोळ १,०००, गाडीचा हप्ता ४,२००. गाडी कंपनीच्या अटीमुळं घ्यावी लागलेली, फिरतीचं काम म्हणून. बेरीज १६,७००. खाली त्यानं निळ्या पेनानं लिहिलं होतं: घरून आणले १,७००.

"मॅडम, मी नोकरीला हुतो आणि आबा मला पगार पाठवत हुते," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले, आणि मग दोघांनाही जरा ओशाळल्यासारखं झालं.

वर्गात मी सीटीसी, म्हणजे कंपनी माणसावरचा सगळा खर्च मोजून सांगते तो आकडा, शिकवलेला नाही. सिलॅबसमध्ये नाही, हे खरंय. पण त्या दिवशी हॉलमध्ये ऑफर लेटर वाटताना टाळ्या वाजवायला मी होते, आणि तेव्हा कुणाला बाजूला घेऊन दहा मिनिटांत हे गणित मांडून दाखवता आलं असतं.

"मग आता काय करतोस?" शेवटी तोच प्रश्न.

"घरात चार म्हसरं हायत. दोन दुभती. सकाळ-संध्याकाळ धार, वैरण. संध्याकाळी दूध संस्थेत फॅट काढायला बसतो, त्याचे तीन हजार देत्यात." दुधाचं दहा दिवसांचं बिल निघतं ते वडिलांच्या नावावर. संस्थेतलं खातं त्यांचं, पासबुक त्यांचं.

मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून डोकं तिकडं गेलं. केंद्र सरकारचं श्रमबल सर्वेक्षण उद्या याच्या दारात आलं तर हा बेरोजगार नाही. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारा माणूसही त्यात रोजगारात धरतात. आणि आठवड्याच्या निकषानं तर मागच्या सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं असलं तरी पुरतं. हा रोज पहाटे पाचला उठतो. आमच्या एक्यूएआरमध्येही हा नोकरीला, कारण ऑफर लेटर फाइलला आहे. घरी विचारलं तर?

"आबा काय सांगतात लोकांना?"

"वर्क फ्रॉम होम," तो म्हणाला. "पोरं मला 'वर्क फ्रॉम गोठा' म्हणत्यात."

गावात हा समज पक्का व्हायला आमचा फ्लेक्स कारणीभूत. कुणीतरी कॉलेजवर येऊन त्याचा फोटो काढून नेला, तो गावाच्या ग्रुपवर फिरला. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार हे महिन्याचे की वर्षाचे, यावर पारावर वाद झाला म्हणे. गणपतीला मंडळानं त्याच्या नावानं २,१०१ ची पावती फाडली, ती आबांनी मुकाट्यानं भरली, दुधाच्या बिलातनं. इतपत तो सोसत होता. पण त्या दिवशी सकाळी त्याचा चुलत भाऊ ॲडमिशनला आला. गेटवर फ्लेक्सपाशी उभं राहून भावाच्या फोटोसोबत सेल्फी काढला आणि घरी फोन करून म्हणाला, याच कॉलेजला घ्यायचं.

"घेऊ दे ना," मी म्हटलं, "कॉलेज वाईट नाही."

"घेऊ दे की. पण माझ्यामुळं नको."

मी आमच्या वरिष्ठ सरांकडे गेले. सर वाईट नाहीत, पण जूनमध्ये त्यांच्या डोक्यात फक्त भरलेल्या जागांचा आकडा असतो. म्हणाले, "लेटर आहे ना फाइलला? मग आपण खोटं काय लिहिलंय?" खोटं काहीच नव्हतं, आणि त्याचंच मला उत्तर देता येईना. फ्लेक्स ॲडमिशन संपेपर्यंत राहील, जुलैत बघू, असं ठरलं. ठरलं म्हणजे सरांनी ठरवलं. मी तासिका तत्त्वावर. नव्या वर्षाची माझी ऑर्डर अजून निघायची होती. जूनमध्ये मी कागदावर कॉलेजची कुणी नसतेच, दरवर्षी, आणि दरवर्षी क्रायटेरिया पाच मीच भरते. अशा माणसानं आवाज किती चढवायचा?

परत येताना एक जुनी गोष्ट आठवली. हिवाळ्यात एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीचा, तक्ता भरला होता, त्यात नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार विचारतात. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावून मधला घ्यायचा. तेवीसमधला मधला म्हणजे बारावा. बारावी निघाली मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी, महिना १३,०००. मी अंकात आणि अक्षरात एक लाख छप्पन हजार लिहिलं आणि समाधानानं सेव्ह केलं. पण ११२ जणांची रांग लावली तर? ज्यांचा पगारच नाही ती पोरं आधी उभी राहणार, आणि मधल्या जागेवर शून्य येणार. हे मी वर्गात फळ्यावर शिकवते, 'माहितीतून कुणाला वगळलंय ते आधी बघा' म्हणून.

शून्य म्हणजे रिकामी बसलेली पोरं नव्हेत, हेही सकाळच्या फोनांनी दाखवलंच होतं. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर दिलीय, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांत ती पाच टक्क्यांच्याही आत येते. म्हणजे पुढच्या दहा वर्षांत काम शोधत राहिलेले जवळजवळ सगळे कुठं ना कुठं लागतात. कशाला लागतात, किती पगारावर, शिकल्याचा त्यात काही उपयोग होतो का, हे विचारायला तेव्हा कुठलं कॉलेज फोन करत नाही.

स्टाफरूमपाशी आले तर पोरगा बाहेरच्या कट्ट्यावर आमच्या शिपाईमामांशी बोलत बसलेला. म्हशीच्या जातीवर चर्चा रंगली होती. मी सांगितलं, जुलैपर्यंत थांबावं लागेल. त्यानं मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. मामांनी मात्र माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि उठून ऑफिसातून एक कागद आणि चिकटपट्टी घेऊन आले. कागदावर मोठ्या अक्षरांत 'प्रवेश सुरू' असं छापलेलं. गेटपाशी स्टूल टाकलं, चढले, आणि दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसऱ्या चेहऱ्यावर तो कागद चारी बाजूंनी पट्टी मारून बसवला. खाली निळा कोट आणि लाल टाय तेवढे राहिले.

"सर विचारतील तर?" मी म्हटलं.

"सूचना लावली म्हणायचं. जागा कुठं हाय दुसरीकडं?" मामा म्हणाले.

पोरगा रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघून आला. आता ओळखू येत न्हाई, म्हणाला. चुलत भाऊ तोवर फॉर्म भरून आला होता. त्यालाही मी कट्ट्यावर बसवलं आणि वहीतल्या पानाचा तो फोटो दाखवायला लावला. मोठ्यानं जमा-नावे वाचून दाखवली. धाकट्यानं सगळं ऐकून विचारलं, "मग मॅडम, बी.कॉम. करू का नको?" मी म्हटलं, कर, पण दुसऱ्या वर्षापासून एखाद्या टॅक्सवाल्याकडं संध्याकाळी बसायला लाग, आणि कुठलंही लेटर हातात पडलं की आधी माझ्याकडं घेऊन ये. तोवर मी इथं असेन की नाही, हे मी बोलले नाही.

त्या संध्याकाळी एक्सेलमध्ये त्याच्या ओळीपुढं शेरा म्हणून लिहिलं: 'नोव्हेंबर २०२४ मध्ये नोकरी सोडली, सध्या घरचा दुग्धव्यवसाय.' अहवाल अपलोड करताना तो रकाना गाळला गेला, कारण टेम्प्लेटमध्ये तो नव्हताच. माझ्या लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये मात्र आहे, आणि त्या वर्षीपासून प्रत्येक ओळीला आहे.

जुलैत पावसानं जोर धरला आणि एका रात्रीत फ्लेक्सची वरची दोरी सुटली. सकाळी तो अर्धा लोंबत होता. मामांनी खाली घेऊन गुंडाळून ठेवला. मी त्या मुलाला फोन करून सांगितलं, निघाला बाबा एकदाचा.

मागं म्हशीच्या गळ्यातली घंटी वाजत होती. "टाकून देऊ नका मॅडम," तो म्हणाला, "शनिवारी येऊन नेतो. पिंजराच्या गंजीवर घालायला बरा हाय. मोठा हाय की तो."

"अरे, पण तुझ्याच दारात..."

"छपाई आतल्या अंगाला घालतो."