आधी पिकाचं नाव सांगा : आमची वाटचाल

वडिलांनी सोलापूर रस्त्यावर, हडपसरच्या पुढे लोणी काळभोरच्या अलीकडे दुकान टाकलं ते किराणा-भुसाराचं. खताची पोती नंतर आली, बियाणं त्यानंतर आणि औषधं सगळ्यात शेवटी. मी बी.कॉम. होऊन गल्ल्यावर बसलो तेव्हा औषधांच्या कपाटात तणनाशकाला एकच कप्पा होता, तोही तळाचा. खुरपायला बाया मिळत होत्या तोवर गवताच्या औषधाला कोण विचारणार? पुढे पुणं पसरत आमच्याकडे आलं, मांजरी-वाघोलीला इमारती उठल्या, मजुरी चढली आणि खुरप्याच्या रोजाला कोणी येईना. तळाचा कप्पा डोळ्यांसमोर आला. आज जून-जुलैत आमचं दुकान त्याच कप्प्यावर चालतं.

वाटचालीच्या लेखात असं लिहीत नाहीत, पण आमच्या फर्मला वळण लागलं ते माझ्या एका चुकीने.

त्या वर्षी बिलं छापायला नवा कॉम्प्युटर घेतला होता. नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं. उसात चांदवेल आणि गाजर गवत माजलं होतं. मी टू-फोर-डी हे तणनाशक दिलं, एस्टर प्रकारातलं. रुंद पानाचं तण मरतं आणि ऊस राहतो, एवढं मला ठाऊक होतं आणि तेवढंच मी सांगितलं. त्यांनी मारलं मार्चच्या भर दुपारी, वारा सुटलेला असताना, पंपाला कीटकनाशकाचं गोल नोझल लावून. फवारा धुक्यासारखा उडाला. बांधापलीकडे टोमॅटो होता.

चार-पाच दिवसांनी टोमॅटोवाले मालक प्लास्टिकच्या पिशवीत शेंडा घेऊन आले. पानं अरुंद होऊन दोरीसारखी लांबलेली, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या, देठाला पीळ. मी शेंडा उलटासुलटा केला आणि म्हणालो, "बोकड्या आलाय मालक." तो रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून माशीचं औषध दिलं. बिल केलं.

आठवड्याने ते परत आले. फरक नव्हता. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक प्राध्यापक त्या वेळी बियाणं घ्यायला उभे होते. त्यांनी शेंडा हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "शेजारी काय आहे? तिथे गवत मारलंय का एवढ्यात?"

मोटारसायकलवर आम्ही दोघं रानात गेलो. बांधालगतच्या आठ-दहा सऱ्या पिळवटल्या होत्या, पुढे जावं तसा पीळ कमी, शेवटच्या सरीला काहीच नाही. माशी काही बांध बघून बसत नाही.

म्हणजे रोगही मीच विकला होता आणि त्यावरचं खोटं औषधही. दोन्ही बिलं एकाच आठवड्यातली, एकाच कॉम्प्युटरवरची. औषधाचे पैसे परत केले, टोमॅटोचं नुकसान भरून देण्याची ऐपत नव्हती. उसवाले म्हणाले, "वाऱ्याचं तुम्ही कुठं सांगितलं होतं?" ते खरंच होतं. टोमॅटोवाल्या मालकांनी मात्र दुकानाची पायरी सोडली.

त्यानंतर दुकानात तीन गोष्टी बदलल्या. उन्हाळ्यात एस्टर विकणं बंद केलं. उष्णतेने त्याची वाफ होते आणि फवारणी संपल्यावरसुद्धा ती शेजाऱ्याच्या रानात शिरते. उसाला लागलंच तर टू-फोर-डीचंच अमाईन सॉल्ट देतो, त्याची वाफ फारच कमी. दुसरं, एक पंप विकत घेतला, त्याला लाल ऑइलपेंट मारला आणि वर ठळक लिहिलं, 'फक्त तणनाशक'. चपटा, जाड थेंबांचा फवारा देणारं कट नोझल बसवलेला हा पंप गिऱ्हाइकाला फुकट नेता येतो. लोक हसले. पण टू-फोर-डीचा पंप नुसता हिसळून वांग्यावर कीटकनाशक मारलं आणि वांगी गेली, असे निदान चार शेतकरी मी पाहिलेत. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून ठेवा, दोन-तीनदा खळखळून धुवा, सगळं सांगतो. तरी वेगळा पंप तो वेगळाच.

तिसरं म्हणजे प्रश्न. आमच्याकडे कुणी "गवताचं औषध द्या" म्हणालं की आधी विचारतो, पीक कोणतं? आंतरपीक आहे का? शेजारी काय आहे? तण किती पानांवर आहे? आंतरपीक विचारायचं कारण असं, की लोक "ऊस" म्हणतात आणि सरीच्या बगलेतला कांदा किंवा हरभरा सांगायचं विसरतात. उसाला चालणारं ॲट्राझीन हरभऱ्याला चालत नाही. चार प्रश्नांनी काही गिऱ्हाइकं वैतागून पुढच्या दुकानात गेली, हे कबूल.

'निवडक तणनाशक', म्हणजे पीक सोडून फक्त तण मारणारं, या शब्दाने आमच्या धंद्यात बराच घोळ घातलाय. लोकांना वाटतं, औषध पिकाला ओळखतं. औषध कुणालाच ओळखत नाही, पीक त्याला पचवतं. मका ॲट्राझीन आपल्या पेशींमध्ये मोडून टाकतो, तणाला ते मोडता येत नाही म्हणून ते मरतं. सोयाबीन इमॅझेथापायर असंच पचवतं, पण एकरी ४०० मिलि या मात्रेला. "गवत जास्त आहे, दुप्पट टाकू का?" असं विचारणाऱ्याला मी विचारतो, दोन भाकरी पचतात म्हणून चार पचतील का? कांद्यात मारतात त्या क्विझालोफॉपचं वेगळंच आहे. गवतवर्गातल्या वनस्पतींचं चरबी बनवणारं विकर ते बंद पाडतं. कांदा एकदल असला तरी गवत नाही, म्हणून तो त्यातून सुटतो. पेंडीमिथॅलीन तर जागेच्या हिशोबावर चालतं. ते मातीच्या वरच्या थरात बसून राहतं, पिकाचं बी त्याच्या खाली असतं आणि वरवरचं तण उगवतानाच मरतं. म्हणून ते पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, ओल असताना मारायचं, आणि मारताना मागे मागे सरकत यायचं. पुढे चाललात तर तुमच्याच पायांनी तो थर फुटतो.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात लव्हाळ्यावर. तो गवतासारखा दिसतो, म्हणून लोक गवताचं औषध नेतात आणि आठ दिवसांनी माझ्याशी भांडतात. आता मी देठ आणायला सांगतो. काउंटरवरच बोटांत फिरवून दाखवतो, तीन धारा लागल्या की लव्हाळा. उसात त्याला हॅलोसल्फ्युरॉन, एकरी ३६ ग्रॅम. एवढीशी पुडी बघून "एवढ्यात काय होतंय?" असं प्रत्येक जण म्हणतो.

मधल्या काळात सरकारने विक्रेत्यांना शिक्षणाची अट घातली. आमचा परवाना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा. तणनाशकही कायद्याच्या लेखी कीटकनाशकच, याची मला कायम गंमत वाटते. बी.कॉम. चालेना, म्हणून 'देसी' हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम केला. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा, ४० वर्ग आणि ८ शिवारफेऱ्या. चाळिशी उलटून गेल्यावर बाकावर बसलो. तिथे कळलं की ज्या गाजर गवतासाठी मी इतकी वर्षं औषध विकतोय, त्याची देशातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली होती. पुण्याने देशाला काय काय दिलं याची यादी करणारे हे नाव गाळतात.

फवारणी करून द्यायचं काम या अभ्यासक्रमानंतर सुरू केलं. तीन पोरं, चार लाल पंप, एक छोटा टेम्पो. एकराला २०० लिटर पाणी, सकाळी वारा पडलेला असताना. ढग भरून आले की काम थांबवतो. दिवस बुडतो, पण पंधरा मिनिटांत धुऊन गेलेल्या औषधाचे पैसे मागायला तोंड नसतं. पोरांना हातमोजे, मास्क, गमबूट दिलेत. मे महिन्यात मास्क गळ्यात उतरतो, त्यावर रोज वाद होतो.

अलीकडे दुसऱ्याच प्रकारचे लोक येतात. गाडी रस्त्यावर उभी करून विचारतात, "प्लॉटवरचं सगळं जाळून टाकेल असं काहीतरी द्या." त्यांना पीक विचारलं की ते माझ्याकडे बघत राहतात. त्यांना हवं असतं ते ग्लायफोसेट. ते निवडक नव्हे, पीक-तण सगळंच मारतं. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता ठेवला, तेव्हापासून अशांना मी खुरपणीवाल्यांचा नंबर देतो. काल जिथे ऊस होता तिथे आज प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. आमच्या गावातली निम्मी गिऱ्हाइकं तशीच गेली. आता यवत, दौंडकडून फोन येतात म्हणून टेम्पो चालतो.

पंपाची एक वही आहे. नाव, पीक, शेजारचं पीक, वेळ, असे रकाने. गेल्या हिवाळ्यात टोमॅटोवाले मालक इतक्या वर्षांनी दुकानात आले. कांद्यात गवत झालं होतं, क्विझालोफॉप आणि लाल पंप हवा होता. मी वही पुढे केली. शेजारच्या पिकाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ऊस.

ऊस म्हणजे शेवटी गवतच. बाहेर दुपारचा वारा चांगलाच सुटला होता. म्हटलं, औषध घेऊन जा, पंप उद्या सकाळी सातला देतो.

मालकांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आता माझी पाळी होय?" म्हणाले, आणि सातला पाच कमी असताना शटरपाशी उभे होते.