तुम्ही विचारलंत म्हणून: शेवट माहीत असूनही मी हे सिनेमे का बघते

शेवट आधीच माहीत असतो, मग बघायचं काय त्यात? हा प्रश्न नवऱ्याने विचारून झालाय, लेकीने विचारून झालाय, मंडळाच्या गणपतीत वाढताना दोघीतिघींनी विचारलाय, आणि परवा फोनवर मावशीने विचारला, जिने 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड'चा एकही सिनेमा बघितलेला नाही. दरवेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते, चला पोळ्या गार होतायत वगैरे. आज नीट सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवता येईल.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यापुरतं थोडक्यात. 'साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड' हे हॉलमार्क या अमेरिकन टीव्ही चॅनलवर 2013 मध्ये एक सिनेमा म्हणून आलं, 2014 मध्ये त्याचे दहा भाग झाले आणि मग मालिका थांबवून त्यांनी पुढे सिनेमेच काढत नेले, तेही वर्षानुवर्षं. डेन्व्हरच्या पोस्टातली चार माणसं, ऑलिव्हर, शेन, रिटा आणि नॉर्मन, ज्या पत्रांचा पत्ता लागत नाही ती पत्रं उघडून योग्य माणसापर्यंत पोचवतात, आणि मधल्या वेळात एकमेकांच्या प्रेमात पडतात, अतिशय हळू. हे चौघं स्वतःला 'पोस्टेबल्स' म्हणवतात आणि आम्ही बघणारेही स्वतःला तेच म्हणवतो. एवढं पुरे.

आता पहिली गोष्ट, हॉलमार्क म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर जे येतं ते हे नाही. शहरातली बिझी मुलगी ख्रिसमसला गावी जाते, तिथे चेक्सचा शर्ट घातलेला मुलगा, बर्फ, शेवटच्या दोन मिनिटांत किस, ते वेगळं आणि तेही मी कधीमधी बघते, त्यात कुणाचं काय जातं मला कळत नाही. पण हे मार्था विल्यमसनने लिहिलेलं आहे, 'टच्ड बाय ॲन एंजल' या जुन्या मालिकेमागची तीच बाई, आणि तिला घाई नाही. ऑलिव्हरची बायको त्याला सोडून पॅरिसला गेलेली असते, आणि तो माणूस लग्न म्हणजे लग्न या मताचा, त्यामुळे शेनकडे नुसतं बघायलाही त्याला कितीतरी वेळ लागतो. माझी लेक म्हणते, आई, याच्यापेक्षा पोस्ट फास्ट असतं. असू दे. मला माणसांनी असं थांबून विचार केलेला बघायला आवडतो, कारण माझ्या आजूबाजूला सगळे निर्णय फोनवर दोन मिनिटांत झालेत आणि त्यांचे परिणाम मात्र सगळ्यांना आयुष्यभर पुरलेत.

नवऱ्याचा मुद्दा जास्त अडचणीचा आहे आणि तो खरा आहे. तो म्हणतो की पत्ता न लागणाऱ्या पत्रांचं असं ऑफिस अमेरिकेत खरंच आहे, 1825 पासून आहे, पण आता ते अटलांटाला आहे, नाव मेल रिकव्हरी सेंटर, आणि तिथे पत्र उघडतात ते पत्ता सापडतोय का आणि आत किमती काही आहे का हे बघायला. काहीच सापडलं नाही आणि आत फक्त लिहिलेला कागद असला, तर तो नष्ट करतात. म्हणजे हरवलेलं प्रेमपत्र खऱ्या आयुष्यात रद्दीत जातं आणि तू रविवारी रात्री बसून ते पोचताना बघतेस. हो, बघते. अटलांटाच्या लोकांनी हजारो पाकिटांमागे धावावं असं माझं म्हणणं नाही, ते शक्यच नाही. पण ज्या कागदाची बाजारात किंमत शून्य आहे त्याच्यासाठी चार माणसं दिवसभर डोकं लावतात, एवढी कल्पना तरी कुणीतरी करून ठेवली, आणि तेवढ्यासाठीच मी बघते हे त्याला पटत नाही. त्याला पटावं असा माझा हट्टही नाही आता.

पण खरं कारण राखीचं पाकीट आहे आणि ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

दादा आणि माझं बोलणं बंद झालं ते घरावरून. बाबा गेल्यावर त्याला माझ्याकडून हक्कसोडपत्र हवं होतं, आणि मी म्हटलं की आई त्या घरात राहतेय तोवर सही नाही. त्यात मला आजही काही चुकीचं वाटत नाही. आई गेली त्यानंतर न्यूयॉर्कच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन कुलमुखत्यारपत्र करून दिलं आणि सगळं सोडलं, पण तोवर फोन उचलायचे बंद झाले होते. फोन का करत नाहीस असं विचारणाऱ्यांनी कृपया समजून घ्या, केलेत. राखी मात्र मी दरवर्षी इथून, अमेरिकेतून, भारतात पाठवत राहिले. उत्तर कधी आलं नाही, पण पाकीट परतही आलं नाही, म्हणजे दारात कुणीतरी ते घेत होतं, आणि त्या घेण्यावर मी बरीच वर्षं काढली. राखी बांधली जात नसेल, पण नाकारलीही जात नव्हती ना.

मग एका वर्षी नोव्हेंबरात ते परत आलं. पानं ओढायचे दिवस, मी बाहेरच होते, मेलबॉक्समध्ये जाहिरातींच्या मधे माझंच अक्षर दिसलं आणि आधी कळेच ना की मला मी कसं काय पत्र लिहिलं. एक कोपरा दुमडलेला. राखीचा मधला मणी दाबून दाबून कागदातून वर आलेला, तिथे कागद मळून चकचकीत झालेला. आणि पत्त्यावर तिरकं चिकटवलेलं एक छोटं लेबल, फ्रेंच आणि इंग्लिशमध्ये छापलेलं, त्यात चौकोन. पत्ता अपुरा, चौकोन रिकामा. माणूस अनोळखी, रिकामा. ठिकाण सोडून गेले, रिकामा. घ्यायला नकार, तिथे निळ्या बॉलपेनने टिक. टिकसुद्धा घाईत केलेली, शेपटी चौकोनाच्या बाहेर गेलेली.

मी ते लेबल किती वेळ बघत उभी होते माहीत नाही. नकार दिला एवढंच त्यावर होतं, कुणी दिला ते नव्हतं. दादाने? की वहिनीने? की भाच्याने, तो आता मोठा झालाय, पोस्टमन आला तेव्हा तोच घरी असेल आणि म्हणाला असेल आम्हाला नको, कारण घरात माझं नाव कसं घेतलं जातं ते ऐकतच तो वाढलाय? दादाला माहीतच नसेल का की राखी आली होती? की तो आत बसून ऐकत होता? या प्रत्येकाचा अर्थ माझ्यासाठी वेगळा आहे, आणि चौकोन मात्र सगळ्यांना मिळून एकच. वहिनीने नाकारली असेल तर माझा भाऊ अजून आहे. दादाने स्वतः पोस्टमनच्या तोंडावर नको म्हटलं असेल तर, पुढे मला लिहवत नाही.

त्या रात्री मी सिनेमा लावला, 2015 चा, ज्यात ऑलिव्हरचे वडील मधली सगळी वर्षं ओलांडून त्याच्या समोर येतात. तुम्हाला वाटेल मी रडले आणि मला बरं वाटलं. नाही. मला भयंकर राग आला. त्या दोघांना एका खोलीत उभं राहून बोलायला मिळत होतं, वाईट का होईना, पण तोंडावर, आणि हे मला बघवेना. बंद केला टीव्ही. पुढे बरेच आठवडे त्या सिनेमांकडे फिरकले नाही. म्हणजे ते मला नेहमी उब देतात असं जे तुम्ही धरून चालता तेसुद्धा खरं नाही.

परत बघायला लागले तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच जायला लागलं. प्रेमाच्या सीन्सपेक्षा त्यांच्या टेबलाकडे. फाटलेलं, भिजलेलं पाकीट मधे ठेवलेलं आणि चौघं त्याच्यावर वाकलेले, शेन कॉम्प्युटरवर काहीतरी शोधतेय, रिटाला एकदा वाचलेलं सगळं पाठ असतं म्हणून तिला काहीतरी आठवतंय, डाग कशाचा आहे यावर वाद चाललाय. मी मनात म्हणायचे, माझंही बघा ना जरा.

आणि बघितलं, पण टीव्हीवरच्यांनी नाही. हे सिनेमे बघणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यात मी लेबलचा फोटो टाकला, पत्ता झाकून. राखी म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागलं. तिथे बहुतेक बायका माझ्यापेक्षा मोठ्या, काही एकट्या राहणाऱ्या, काही नवऱ्याच्या आजारपणात हे सिनेमे लावून बसलेल्या. कुणीही मला 'सोडून दे ना' म्हणालं नाही, जे माझ्या जवळच्या प्रत्येकाने म्हटलं होतं. त्यांनी प्रश्न विचारले. दुसरं काही अक्षर आहे का, मागच्या बाजूला शिक्का आहे का, तारीख वाचता येतेय का. एकजण पोस्टातून रिटायर झालेल्या, त्यांनी सांगितलं की ती टिक पोस्टमन करतो, घरच्यांची सही त्यावर लागत नाही, तेव्हा या लेबलवरून माणूस कळणार नाही, कितीही बघितलंस तरी. हे सांगताना त्यांनी मला खोटी आशा लावली नाही आणि खरी काढूनही घेतली नाही. आता सांगा, या बायकांना मी येड्या म्हणू? या ग्रुपमध्ये काय चालतं असं हसत विचारता ना, हे चालतं.

2014 मध्ये मी स्वतः एका मैत्रिणीला म्हटलं होतं की अगं काही नाही, ऑफिसनंतर डोकं शांत करायला बरं असतं. तेव्हाच्या मला आता सांगावंसं वाटतं की तू याला फार हलकं समजतेस. पण ती मला उलट विचारेल की मग तू याला इतकं जड का केलंस, आणि तिचंही बरोबर असेल. ऑलिव्हरचा विश्वास असतो की प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असते, पत्र उशिरा पोचलं तर तीच त्याची वेळ. पूर्वी मी हे मान डोलावत ऐकायचे. आता मला वाटतं की वेळ ठरलेली असते कारण मार्था विल्यमसन ती ठरवते, आमच्या घरात तसं कुणी बसलेलं नाही. आणि तरी 2018 नंतर पुढचा सिनेमा येईना तेव्हा चॅनलला पत्र लिहिणाऱ्यांत मीही होते, कागदावर, पेनने, आणि 2021 मध्ये ऑलिव्हर-शेनचं लग्न झालं ते मी उभी राहून बघितलं, बसवेना. त्यानंतर 2024 मध्ये आला, 2025 मध्ये आला, दोन्ही बघितले. हा विरोधाभास आहे म्हणाल तर आहे, मला तो सोडवता आलेला नाही.

परत आलेलं पाकीट मी उघडलेलं नाही. त्यानंतरही राख्या पाठवल्यात, साध्या टपालानेच, आणि त्यातली एकही परत आलेली नाही, ज्याचा अर्थ काय लावायचा यावर ग्रुपमध्ये दोन तट आहेत. त्या पोस्टातल्या बाई म्हणतात रजिस्टर कर, पोचपावतीसकट, म्हणजे घेणाऱ्याची सही परत येईल आणि तुला कळेल दारात कोण होतं. बरोबर आहे त्यांचं. फॉर्म आणून ठेवलाय. दादाची सही मी कुठेही ओळखेन, वहिनीचीही. अजून भरलेला नाही.