पुस्तक आहे, पण सापडत नाही

सोमवार

सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यातून आज आमच्या ग्रंथालयात टेम्पो भरून पुस्तकं आली. वाड्यातले गुरुजी गेल्या वर्षी गेले, मुलगा पुण्याला असतो, वाडा आता उतरवायचा आहे. मुलगा स्वतः गठ्ठे उतरवून देत होता. जाताना म्हणाला, "ताई, जे ठेवाल ते कुणाच्या तरी हाती लागेल असं ठेवा." देणगीदार बहुतेक वेळा कपाटावर वडिलांच्या नावाची पाटी मागतात. यांनी ती मागितली नाही, जे मागितलं ते नेमकं माझं काम आहे.

वाळवी लागलेली बाजूला काढली, बाकीची झटकून टेबलावर घेतली. दाखल नोंदवहीत क्रमांक, शीर्षकपानावर आणि आतल्या ठरलेल्या पानावर शिक्का, मग वर्गांक, म्हणजे विषयाचा आकडा, मग संगणकावर नोंद. शिक्का मारेपर्यंतचं काम कुणालाही जमतं, नोंदीपाशी मात्र थांबून विचार करावा लागतो.

आजचा अर्धा दिवस जुन्या लेखनातच गेला. १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले आणि 'नाहीं', 'कसें', 'भाषेचें' यांच्या डोक्यावरचे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांच्या शीर्षकपानावर ते असतात. संगणकातल्या नोंदीत प्रत्येक रकान्याला एक आकडा असतो. नियम असा की २४५ या शीर्षकाच्या रकान्यात शीर्षक छापलंय तसंच उतरायचं, पुस्तकाच्या अंगावरचं बदलायचा आपल्याला अधिकार नाही. पण आज शोधणारा मुलगा मोबाइलवर तो अनुस्वार टाइप करणार नाही, आणि आमच्या प्रणालीत एवढ्या एका टिंबापायी उत्तर येतं, 'नोंद आढळली नाही'. म्हणून २४६ मध्ये आजच्या लेखनातलं शीर्षक वेगळं द्यायचं. बरेच जण ही ओळ मोकळी सोडतात. मी सोडत नाही.

कालगणनेचंही तेच. एकावर नुसतं 'शके १८२०' एवढंच. ७८ मिळवले की १८९८ येतं, पण शक चैत्रात बदलतो, त्यामुळे शेवटचे महिने १८९९ मध्ये जातात. दोन्ही सालं नोंदवली. अशा वेळी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची काढते. १८०० ते १९५० पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांचा एवढा मोठा शोध त्या माणसाने संगणक नसताना घेतला. आमच्याकडची प्रत शिवणीत सुटली आहे, पुढच्या बांधणीच्या गठ्ठ्यात ती सर्वांत वर ठेवायची.

एका कादंबरीच्या कोऱ्या पानावर शाईने लिहिलंय, मॅट्रिक पास झाल्याबद्दल कुणा मुलीला भेट, सांगली, १९४१. मालकीचा इतिहास लिहायला ५६१ ही जागा आहे, तिथं ते घातलं. १९४१ साली सांगलीत मुलगी मॅट्रिक झाली म्हणून घरच्यांनी तिला कादंबरी दिली, ही माहिती आमच्या गावाच्या इतिहासाची आहे. ती शिक्क्याखाली झाकली जाऊ नये म्हणून शिक्का खाली सरकवून मारला.

मंगळवार

आज नावं.

मराठी माणसाचं नाव आयुष्यभर एकच राहील याची खात्री नसते, हे या टेबलावर बसल्यावर नीट कळतं. आपल्या सांगलीत १८९८ साली जन्मलेले खांडेकर जन्माने गणेश आत्माराम, चुलत्यांना दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे हे मूळचे तुकाराम भाऊराव. कवितेच्या कपाटातले आरती प्रभू आणि कादंबरीच्या कपाटातले चिं. त्र्यं. खानोलकर ही एकच व्यक्ती. ज्ञानेश्वर-तुकाराम आडनावाखाली जात नाहीत, ते त्यांच्या नावाखालीच राहतात.

सगळ्यांत जास्त नावं बायकांची बदलतात. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच लेखिकेची माहेरची, टोपणातली आणि सासरची नावं. १९३३ साली टोपणनावाने पुस्तक आलं तेव्हा गदारोळ झाला होता आणि ते लिहिणारी बाई कोण हे पुढे कित्येक वर्षं उघड नव्हतं. आज हे सगळ्यांना ठाऊक आहे. जगातल्या मोठ्या ग्रंथालयांच्या ऑथॉरिटी फाइलींमध्ये, म्हणजे ठरवलेल्या नावांच्या याद्यांमध्ये, अशा लेखकांची नावं जोडलेली मिळतात, ती पाहून आपल्याकडं जोडायची. १०० मध्ये ठरवलेलं नाव, ४०० मध्ये बाकीची, म्हणजे वाचक कुठल्याही नावाने आला तरी त्याच दारात पोचतो.

अडचण आली ती गुरुजींच्या गठ्ठ्यातल्या दोन पातळ कवितासंग्रहांची. दोन्ही खासगी छपाईचे, सांगलीतच छापलेले. एकावर 'कु.' आणि एक आडनाव, दुसऱ्यावर 'सौ.' आणि वेगळंच आडनाव, पहिलं नावही वेगळं. मी दोन वेगळ्या नोंदी करून मोकळी झाले असते, तर नियमाला धरूनच झालं असतं. पण दोन्हींत हरिपूरच्या वाटेवरच्या चिंचांची कविता होती. तीच, चार ओळी बदलून.

ग्रंथपाल मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण आज गठ्ठा संपायला हवा. एका नोंदीला इतका वेळ दिला तर वर्षअखेरचा अहवाल कसा द्यायचा?" त्यांचंही खरं आहे. अनुदान अहवालावर चालतं, आणि अहवालात संख्या जाते. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांमधलं चौथं सूत्र मी त्यांना आठवून दिलं. आपण इथं घालवलेला तासभर पुढं येणाऱ्या प्रत्येक वाचकाचा वाचतो, असं मला मनापासून वाटतं. मॅडम म्हणाल्या, "बरं, शुक्रवारपर्यंत कर."

बुधवार

रात्रभर पाऊस. सकाळी वाचनकक्षात वर्तमानपत्र उघडण्याआधी प्रत्येकाचा एकच प्रश्न, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फुटांवर? कोयनेतून किती सोडलं? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत लहान पोरंही सांगतात. अजून बरंच खाली आहे.

तरीही मामांनी सांगायच्या आधीच खालच्या फडताळातली पुस्तकं वर चढवली. ते शिपाई म्हणून लागले त्याला माझ्या वयाएवढी वर्षं झाली असतील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ते इथंच होते. गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली होऊन वाळली की पानं एकमेकांना चिकटतात आणि अख्ख्या पुस्तकाची वीट होते. अशा विटा त्यांनी हातगाड्यावर घालून बाहेर नेल्या. अजून त्यावर बोलताना आवाज बसतो त्यांचा.

तालिकापत्रांचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचं, जुनं लाकडी कपाटही त्या पुराच्या तावडीत सापडलं. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची ती पत्रं, खाली भोक, भोकातून सळई. अक्षरं वरून खाली लावलेली होती, म्हणून वरच्या कप्प्यांतली अ ते न वाचली आणि प पासून पुढची पाण्यात गेली. टंकलेखनयंत्रावरची बरीच वाचता येत होती, हाताने निळ्या शाईने लिहिलेली धुऊन निघाली. आमच्या आधीच्या कुणीतरी, मोत्यासारख्या अक्षरात, आयुष्याची कित्येक वर्षं घालून ती लिहिली होती. दाखल नोंदवह्या माडीवर असल्याने बचावल्या. त्यामुळे पुराआधी आपल्याकडं काय होतं हे ठाऊक आहे, पण विषयावरून किंवा दुसऱ्या नावावरून त्याच्यापर्यंत जायची वाट प च्या पुढं बुडाली. ती वाट संगणकात पुन्हा घालणं, हे माझ्या नोकरीचं खरं वर्णन आहे. नेमणुकीच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो.

दुपारी त्या वाचलेल्या कप्प्यात सहज पाहिलं. पहिल्या संग्रहावरचं आडनाव क ने सुरू होतं. पत्र मिळालं! आमच्याकडं एक प्रत आधीपासून होती. आणि पत्राच्या तळाशी त्याच सुंदर अक्षरात एवढंच, 'हेही पाहा', पुढे सासरचं आडनाव. ते स ने सुरू होतं. स चा कप्पा पुरात गेलेला.

म्हणजे माझ्या आधीच्या त्या माणसाला हे माहीत होतं. त्याने दोन्ही बाजूंनी जोड घातली असणार. एक बाजू पाण्याने नेली.

शुक्रवार

कालच्या दिवशी गुरुजींच्या मुलाशी फोनवर बोलले. दोन्ही संग्रह त्यांच्या आत्याचे. लग्नात नावही बदललं, त्या काळी तशी रीतच होती. नंतर त्यांनी फारसं लिहिलं नाही. "आत्या लिहायची हे आमच्या मुलांना माहीतही नाही," म्हणाले. आज नोंद पुरी केली. मुख्य नाव कुठलं ठेवायचं यावर मॅडम आणि मी बराच वेळ बोललो. पुस्तकांवर दोन नावं आहेत, दोन्ही त्यांचीच. शेवटचं, म्हणजे सासरचं, मुख्य ठेवलं, कारण नियम तसा आहे, आणि माहेरचं ४०० मध्ये दिलं. माझं मत विचाराल तर ज्या नावाने बाईने पहिल्यांदा छापून घ्यायचं धाडस केलं त्याला अधिक मान हवा होता. पण मी एकटीने नियम मोडला तर पुढची सहायक गोंधळेल, आणि पुन्हा तीच वाट बुजेल.

दुपारी तासगावकडचे एक बागायतदार आले. हवा ढगाळ, चेहरा उतरलेला. "ताई, डावनीवर मराठीत काय हाय का बघा की. दुकानदार सांगंल ती औषधं मारून कंटाळलो." संगणकावर 'डावनी' टाकलं तर शून्य. पुस्तक होतं, द्राक्षांच्या ६३४.८ या वर्गांकात समोर उभं होतं, पण त्यात त्या रोगाला केवडा म्हटलंय. कपाटाशी नेऊन हातात दिलं. ते गेल्यावर विषयाच्या नोंदीत केवडा, डाऊनी, डावनी, डावणी सगळं घातलं. भुरी या दुसऱ्या रोगाची नोंदही तपासली, ती ठीक होती. सांगली-तासगावच्या ग्रंथालयात द्राक्षाचा रोग द्राक्षवाल्याच्या तोंडच्या शब्दाने सापडलाच पाहिजे. तो सापडत नसेल तर आमचं वर्गीकरण कितीही शास्त्रशुद्ध असलं तरी त्या माणसाच्या कामाचं नाही.

शनिवार

नव्या दाखल पुस्तकांची यादी छापली आणि फळ्यावर लावण्याआधी क्रम तपासला. संगणक नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावतो तेव्हा ळ येतो ल च्या लगेच पुढं, म्हणून काळे आडनाव कावळेंच्या आधी बसतं. आपल्या वर्णमालेत ळ ह च्याही नंतर. क्षीरसागर क मध्ये शिरतात, आणि शाळेत क्ष शेवटी शिकलेले आमचे आजोबा-वाचक यादीचा शेवट चाळून परत जातात. हाताने क्रम लावला.

कऱ्हाडचा त्रास याहून वाईट. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द. त्यात काही पुस्तकांवर कराड छापलेलं. कऱ्हाडच्या इतिहासावरची आमची पुस्तकं त्यामुळे तीन ठिकाणी विखुरली होती. एकत्र केली. त्यासाठी डोळ्यांना काही दिसत नसताना अक्षर खोडून पुन्हा टाइप करावं लागतं, शेजारून पाहणाऱ्याला वाटेल ही बाई तेच तेच काय करतेय.

मॅडमना एक गोष्ट सुचवली होती, त्यांनी लगेच होकार दिला. फळ्यावर यादीच्या शेजारी आज सूचना लावली. आपल्या घरात, नात्यात कुणी बाई लिहीत होती का? तिची माहेरची, सासरची, टोपणाची नावं चिठ्ठीवर लिहून द्या. मामांनी टाचण्या लावल्या आणि स्वतःच उभे राहून आल्या-गेल्याला वाचून दाखवत होते.

पाचच्या सुमाराला मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका टेबलाशी आल्या. सासूबाई मुलांसाठी गोष्टी लिहायच्या, पण पुरुषाच्या नावाने, कारण सासऱ्यांना चालत नव्हतं. ते नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. शोधलं, तर बालविभागात पुस्तक निघालं, कधीपासूनचं दाखल झालेलं. त्यांनी ते बराच वेळ उलटून पाहिलं आणि विचारलं, घरी नेता येईल का. मी म्हटलं, सभासद व्हा, आजच नेता येईल. त्यांनी तिथंच अर्ज भरला. त्यांचं होईपर्यंत मी सासूबाईंचं खरं नाव नोंदीत घातलं, आणि जन्मसाल विचारून घेतलं.