गोळा आणि थाळी, अकरावा महिना: 31.40, 10.12 आणि तीन खुंट्या

रविवारी थाळी 31.40 मीटरवर पडली. टेप दोनदा लावावी लागली, कारण पहिल्यांदा मी वर्तुळाच्या मध्यापासूनच आकडा वाचला आणि 32.65 बघून खूश झालो. टेप मध्यातून न्यायची, पण अंतर धरायचं वर्तुळाच्या आतल्या कडेपासून. ते सव्वा मीटर सोडताना जिवावर आलं. तरी पीबी (आजवरची स्वतःची सर्वोत्तम फेक) ती पीबी.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: वय 52. या वयोगटात गोळा 6 किलोचा, थाळी दीड किलोची. कॉलेजात फक्त गोळा टाकायचो, नंतर सत्तावीस वर्षं काहीच नाही. गेल्या वर्षी पुन्हा सुरुवात केली तेव्हा ठरवलं की या खेपेला दोन्ही करायचं. सगळ्यांनी सांगितलं, एक काहीतरी धर. त्यांचं बरोबरच असावं, पण माझ्या डोक्यात भारताचे परदुमन सिंग ब्रार बसले होते.

1954 च्या मनिला आशियाई स्पर्धेत या माणसाने गोळाफेक 14.14 मीटरने जिंकली आणि थाळीफेक 43.37 ने. 1958 ला टोकियोत गोळ्यात पुन्हा सुवर्ण, या वेळी 15.04, आणि थाळीत कांस्य. 1962 ला जाकार्तात थाळीत रौप्य. तीन आशियाई स्पर्धा, दोन प्रकार मिळून पाच पदकं. अर्जुन पुरस्कार मिळाला 1999 साली, म्हणजे जाकार्तानंतर 37 वर्षांनी. यावर मी काही बोलत नाही, हिशेब तुम्हीच करा.

तर सरावाच्या जागी मी तीन खुंट्या ठोकल्यात. पहिली माझ्या चालू पीबीची, ती सरकत असते. दुसरी 14.14 वर, परदुमन सिंग यांची. तिसरी 13.75 वर, मिशलिन ऑस्टरमायर यांची. तिसरीची गोष्ट नंतर सांगतो, तिने या महिन्यात माझी पार उतरवली आहे.

आधी थाळी, कारण गोंधळ तिथेच होता. गोळ्यात मी ग्लाइड करतो. पाठ सेक्टरकडे (गोळा जिथे पडायला हवा त्या पट्ट्याकडे), वजन उजव्या पायावर, डावा पाय मागे झटकून वर्तुळात सरळ रेषेत सरकायचं. पॅरी ओब्रायन यांनी पन्नाशीच्या दशकात रूढ केलेली तीच पद्धत, ज्यावर त्यांनी 1952 आणि 1956 ची ऑलिंपिक सुवर्णं घेतली. अंगात इतकी भिनली आहे की थाळीच्या वर्तुळात उतरलो तरी पाय गोळ्याचेच राहतात. थाळीत दीड फेरीच्या ओघात वर्तुळाच्या मध्यावर उजवा पाय टेकला की तो चवड्यावर फिरतच राहायला हवा. माझा पाय टाचेसकट खाली बसायचा, चिखलात रुतल्यासारखा. कंबर अडली की हात घाई करतो, थाळी बोटातून लवकर निसटते आणि थेट उजवीकडच्या जाळीत. सातव्या-आठव्या महिन्यात दहापैकी सहा फेकी जाळीत होत्या. मी दोष ग्रिपला देत होतो, मग मनगटाला, मग थाळीला. शेवटी मोबाईलवर स्लो मोशन बघितलं आणि गप्प बसलो.

औषध साधं निघालं. तीन आठवडे पूर्ण फेरी बंद. निम्म्या वेळात स्टँडिंग थ्रो (न फिरता जागेवरून फेक), निम्म्या वेळात साउथ आफ्रिकन ड्रिल (पूर्ण फेरीऐवजी समोर तोंड करून वर्तुळात शिरून टाकायचा सराव), आणि घरी मोज्यावर उजव्या चवड्याची नुसती गिरकी, हातात काही न घेता. रोज शंभर. कंटाळवाणं आहे, पण फळ देतं. स्टँडिंग 24.10 वरून 26.80 झाली, आणि पूर्ण फेरीत जाळी लागायची बंद झाली, म्हणजे दहात एखादी.

गंमत पुढे आहे. गोळ्याकडे परत आलो तेव्हा ग्लाइड संपताना उजवा पाय आपोआप आत वळून पडत होता. कॉलेजात प्रशिक्षक ओरडून थकले होते ते थाळीने न ओरडता शिकवलं. कंबर आधी, छाती मग, हात सगळ्यात शेवटी. डावी बाजू भिंतीसारखी अडली की गोळा पुढे सुटतो. 9.64 वर चार महिने अडकलो होतो, दोन आठवड्यांत 10.12. ताकद तसूभर वाढलेली नाही, बेंच प्रेसचा आकडा उन्हाळ्यापासून तिथेच आहे.

मग अर्थातच हाव सुटली. थाळी फिरून टाकता येते तर गोळाही फिरूनच टाकावा. अलेक्सांद्र बारिश्निकोव्ह यांनी 1976 ला फिरकीवर 22.00 टाकून विश्वविक्रम केला होता. रायन क्राउझर यांचा 2023 चा 23.56 चा विक्रमही फिरकीचाच, आणि हेच क्राउझर शाळकरी वयात थाळी 72.40 टाकायचे (शाळेची थाळी हलकी असते, पण म्हणून काय झालं). जॉन गोडिना तर गोळ्यातले तीन वेळचे विश्वविजेते, गोळा 22.20 आणि थाळी 69.91. अशी नावं वाचून मी 2.135 मीटरच्या वर्तुळात गिरकी घेतली आणि पायाचं बोट स्टॉप बोर्डवर (गोळ्याच्या वर्तुळाच्या पुढच्या कडेच्या फळीवर) आपटलं. थाळीचं वर्तुळ अडीच मीटरचं. साडेछत्तीस सेंटिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, फिरताना ती एक अख्खी पावलाची जागा असते.

अडचण नुसती जागेची नाही. थाळी हाताच्या पूर्ण लांबीवर असते, ती मागे रेंगाळते, तिला मागेच ठेवायचं असतं. तिचा ओढ खांद्यात जाणवत राहतो, त्यामुळे कुठे आहोत ते कळतं. गोळा मानेला चिकटलेला, तो ओढतच नाही. मध्यावर आलो की शरीर फिरलंय की नाही याची खबरच लागत नाही. दहा फेकींत सहा फाऊल, उरलेल्यांत सर्वोत्तम 8.90. फिरकी तूर्त कपाटात. ज्यांनी चाळिशीनंतर ग्लाइडवरून फिरकीकडे जाऊन अंतर वाढवलं असेल त्यांनी जरूर कळवा, मला उदाहरण हवं आहे.

आता तिसरी खुंटी. ऑस्टरमायर बाई फ्रान्सच्या. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये थाळी 41.92 ने जिंकली, गोळा 13.75 ने जिंकला, वर उंच उडीत कांस्य. थाळी हाती धरून त्यांना तेव्हा काही आठवडेच झाले होते असं सांगतात. आणि मूळ पेशा काय, तर पियानो. पॅरिसच्या संगीत विद्यालयाचं पहिलं पारितोषिक मिळवलेल्या कलावंत. गोळा जिंकल्यावर फ्रेंच संघाच्या मुक्कामी त्यांनी बेथोव्हन वाजवून दाखवला. ऑलिंपिकच्या इतिहासात एकाच खेपेला गोळा आणि थाळी दोन्ही जिंकणाऱ्या बायका दोनच, 1948 ला ऑस्टरमायर आणि 1964 ला तमारा प्रेस. पुरुषही दोनच, 1896 चे रॉबर्ट गॅरेट आणि 1924 चे बड हाउझर.

बायकांचा गोळा 4 किलोचा. भाचीकडून तो महिनाभरासाठी मागून आणला. मनात असं की 6 किलो दहा मीटर जातो, तर 4 किलो चौदा सहज जाईल. पहिल्या दिवशी 11.70. हलका गोळा हातात आला की मी तो क्रिकेटच्या चेंडूसारखा फेकायला जातो, कोपर खाली पडतं, तर्जनी दुखते. कोपर वर धरून, ढकलतोय हे स्वतःला बजावत आतापर्यंतची सर्वोत्तम 12.38. खुंटीला अजून 1.37 कमी. परदुमन सिंग यांच्या खुंटीकडे पुरुषांच्या पूर्ण 7.26 किलोनेही एकदा प्रयत्न केला. 8.71. ती खुंटी मी आता शोभेची समजतो.

एक कबुली. रविवारच्या 31.40 ला समोरून, थोडं उजवीकडून वारं होतं. उजव्या हाताच्या थाळीफेक्याला हेच वारं लाभतं, थाळी त्यावर तरंगते. मायकोलास अलेक्ना यांनी 2024 ला 74.35 टाकून 1986 पासूनचा युर्गन शुल्ट यांचा 74.08 चा विक्रम मोडला आणि 2025 ला 75.56 केले, तेही ओक्लाहोमातल्या रमोना नावाच्या वारेमाप वाऱ्याच्या जागी. थाळीत वाऱ्याची मर्यादाच नाही, त्यामुळे विक्रम पक्का. म्हणून माझाही पक्का धरतो. शांत हवेत सध्या 29 ते 30 च्या मध्ये पडते.

पुढच्या महिन्याचं: थाळीत मागची सुरुवात सावकाश करायची, घाईने डावा खांदा आधी उघडतो आहे. गोळ्यात ग्लाइडच. तर्जनीला पट्टी बांधून तीन दिवस विश्रांती.

भाचीचा 4 किलो शनिवारी परत द्यायचा आहे. तोवर 13.75 कडे सहा फेकींच्या दोन फेऱ्या बसतात.