डिस्चार्जच्या आधी लावलेला एक फोन

मेडिसिन वॉर्डात नर्स म्हणून अकरावं वर्ष चालूय माझं आणि दारूचे पेशंट आमच्याकडे कायमच असतात. कुणाला कावीळ, कुणाला रक्ताची उलटी, कुणी फिट येऊन पडलेला. हा पेशंट (ओळख पटेल असं काही लिहीत नाही) वर्षात तिसऱ्यांदा ॲडमिट झाला होता, घरच्यांनी कोंडून ठेवून दारू तोडायला गेले आणि दुसऱ्या दिवशी फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम बंद करू नका हो, कळकळीने सांगते. काही तासांत हातपाय थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहीजण पार भ्रमात जातात, नसलेली माणसं दिसतात, त्यात जीवही जातो. आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

सलाईन, थायमिनची (व्हिटॅमिन बी-1) इंजेक्शनं, शांत करायच्या गोळ्या, सहाव्या दिवशी माणूस माणसात आला. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं, दारू पूर्ण बंद करावी. मी जुनी फाइल काढून बघितली तर आधीच्या दोन्ही कार्डांवर हेच वाक्य. मला ते फार लागलं त्या दिवशी, कारण कशी बंद करावी हे तीनही वेळा कुणीच सांगितलं नव्हतं, आणि त्या कुणीमध्ये मीही आले.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप. विचारलं, "दादा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं ऐकलंय का?" तर म्हणाला, "मागच्या वेळी नंबर दिला होता की सिस्टर तुम्हीच," आणि पाकिटातून चिठ्ठी काढली. आमच्याच वॉर्डाच्या पॅडचा कागद, चार घड्या जशाच्या तशा.

एका ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं तेव्हा आठवलं. 1981 साली 20 लोकांवरचा एक छोटा अभ्यास झाला होता, निम्म्यांना नुसती माहिती दिली आणि निम्म्यांचं समोरच फोन लावून एका मेंबरशी बोलणं करून दिलं. नुसती माहिती मिळालेल्यांपैकी कुणीच मीटिंगला गेलं नाही, दुसऱ्या गटातले सगळे गेले. म्हटलं आत्ताच लावू, इथूनच. त्याने फोन दोन्ही हातांनी धरला, बोटं अजून थरथरत होती, स्पीकर ऑन करायला मलाच बटण दाबावं लागलं. पलीकडच्या माणसाने किती पिता, कधीपासून असलं काहीच विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "मी पण अल्कोहोलिक आहे. कॉट नंबर सांगा, संध्याकाळी येतो."

आणि खरंच दोघं आले. ही त्यांची पहिल्यापासूनची रीत आहे म्हणे. 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रनला बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि बॉब नावाचे सर्जन, दोघेही दारूने गेलेले, एकमेकांच्या आधाराने सुटले, आणि त्यांचा तिसरा माणूस त्यांना हॉस्पिटलच्या कॉटवरच सापडला.

डिस्चार्जच्या संध्याकाळी ओपन मीटिंग होती, म्हणजे घरचे आणि माझ्यासारखे बाहेरचेही बसू शकतात. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांच्यासाठी. ड्युटी संपवून मी, तो आणि वहिनी तिघं गेलो. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा ही एकच अट. तो दाराजवळची खुर्ची धरून बसला, मान खाली. मग एकजण सांगायला लागला की तो संडासच्या फ्लशच्या टाकीत बाटली लपवायचा आणि बायको घरभर कपाटं उचकायची. आमचा पेशंट एकदम मोठ्याने हसला, सहा दिवसांत मी त्याचे दातसुद्धा बघितले नव्हते. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्याच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आपल्या पण?" त्याने मान हलवली. त्या रडायला लागल्या तशी मागच्या रांगेतून एक बाई उठून शेजारी येऊन बसल्या. घरच्यांसाठी अल-ॲनॉन नावाचा वेगळा ग्रुप असतो, 1951 पासून, त्या तिथल्या होत्या. मला खरं सांगायचं तर मीटिंगपेक्षा जास्त हेच लक्षात राहिलंय, कारण वॉर्डात बायकोला आपण फक्त औषधाच्या वेळा समजावतो.

आमच्यातले काही डॉक्टर याला नुसत्या गप्पा समजतात. 2020 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (म्हणजे बरेच अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) 27 अभ्यास आणि 10 हजारांवर माणसं होती, आणि दारूपासून पूर्ण लांब राहण्यात या ग्रुपशी नीट जोडून देणाऱ्या उपचारांचा निकाल इतर थेरपींपेक्षा सरस निघाला, हे मी आता राउंडला सांगते. कुणाला या ग्रुपच्या कार्यक्रमातला देवाचा उल्लेख नको वाटतो, तेही ठीक, दुसरे ग्रुप आहेत, पण फोन पेशंट कॉटवर असतानाच लागला पाहिजे.

पुढच्या महिन्यात वहिनी औषधं न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्यात प्याले. मला धस्स झालं. पण अर्धी बाटली राहिलेली असतानाच नवऱ्याने स्वतः ग्रुपमधल्या त्या फोनवरच्या माणसाला फोन लावला, तो रात्री साडेअकराला घरी आला, आणि उरलेली दारू तिघांनी मिळून बेसिनमध्ये ओतली.