आधी स्टेशन, मग हॉटेल: फ्रूट लॉजिस्टिकासाठी बर्लिनमध्ये बेताच्या खर्चात राहायचं तर

बर्लिनचं फ्रूट लॉजिस्टिका हे फळं-भाजीपाल्याच्या व्यापाराचं प्रदर्शन फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरतं, बुधवार ते शुक्रवार. नेमकं त्याच वेळी निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे घडांत साखर भरत असते आणि निर्यातीच्या बागांची तोडणी तोंडावर आलेली असते. त्यामुळे इथून जाणारा द्राक्ष बागायतदार किंवा छोटा निर्यातदार चार-पाच रात्रींपेक्षा जास्त थांबू शकत नाही. एवढ्या थोड्या दिवसांत हॉटेल चुकलं तर पैशांपेक्षा वेळ जास्त वाया जातो, आणि खरेदीदाराला भेटण्यासाठी तर आपण एवढ्या लांब जातो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बहुतेक जण बुकिंगच्या साइटवर ‘बर्लिन’ टाकतात, कमी दरापासून यादी लावतात आणि पहिल्या पाचांतलं एक हॉटेल घेतात. चूक तिथेच होते. बर्लिन अफाट पसरलेलं शहर आहे. ‘मध्यापासून ९ किलोमीटर’ या आकड्यावरून काहीच कळत नाही, कारण प्रदर्शनाचं मैदान मुळात शहराच्या मध्यात नाहीच. हे मैदान म्हणजे मेसे बर्लिन, ते पश्चिमेला, शार्लोटेनबुर्ग भागात आहे. शहराच्या मध्यातल्या अलेक्झांडरप्लाट्झजवळची ‘मोक्याची’ खोली पर्यटकाच्या सोयीची, आपल्या नाही.

आधी नकाशावर मैदान शोधा आणि त्याला लागून असलेली स्टेशनं लिहून घ्या. दक्षिणेला एस-बानचं, म्हणजे तिथल्या लोकलचं, मेसे झ्यूड, तिथे एस३ आणि एस९ थांबतात. उत्तरेच्या बाजूला मेसे नॉर्ट, तिथे शहराभोवती गोल फिरणाऱ्या एस४१ आणि एस४२ येतात. यू-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, यू२ वर कायझरडाम आणि थिओडोर-हॉइस-प्लाट्झ ही दोन स्टेशनं सोयीची. तुमचा स्टॉल किंवा ज्यांना भेटायचं ते कोणत्या हॉलमध्ये आहेत ते बघून उत्तरेचं की दक्षिणेचं दार बरं पडेल ते ठरवा. मैदान एवढं मोठं आहे की चुकीच्या दाराने आत गेलात तर हॉलपर्यंत पोचायलाच चांगली पायपीट होते.

आता या लाइनींवर खोली शोधायची. माझं पहिलं मत श्पांडाऊला. हा बर्लिनचा पश्चिमेकडचा भाग, स्वतःचं जुनं गावठाण असलेला. तिथून एस३ किंवा एस९ घेतली की पाचवं स्टेशन मेसे झ्यूड. शिवाय एस९ ही विमानतळापासून श्पांडाऊपर्यंत थेट धावते. प्रवासाला तासाभराहून जास्त वेळ लागतो, पण थंडीत दोन बॅगा घेऊन गाडी बदलण्यापेक्षा ते बरं. दुसरा पर्याय शार्लोटेनबुर्ग किंवा झाविन्यीप्लाट्झ स्टेशनच्या आसपास. तिथे जुन्या इमारतींतून छोटी पेन्शन्स चालतात. पेन्शन म्हणजे घरगुती लॉज. तिसरा पर्याय गोल लाइनवरचं कुठलंही स्टेशन.

स्टेशनपासून हॉटेल चालत ५०० मीटरच्या आत असावं. फेब्रुवारीत बर्लिनला पाचच्या सुमारास अंधार पडतो, फुटपाथ दगडी फरशांचे असतात आणि कधी त्यावर बर्फ गोठलेला असतो. चाकाची बॅग ओढत सव्वा किलोमीटर चालणं आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवर चालण्यासारखं नाही.

दर बघताना आकडा कसा फसवतो ते एका हिशेबाने सांगतो. आकडे नमुन्याचे आहेत. समजा दोघांसाठी पाच रात्री हव्यात. मैदानाजवळची खोली नाश्ता आणि करासह ११० युरो, म्हणजे ५५० युरो. श्पांडाऊची खोली नाश्त्याविना ७२ युरो, म्हणजे ३६० युरो. यात बर्लिनचा मुक्काम कर धरायचा. हा कर २०२५ पासून ७.५ टक्के आहे आणि एप्रिल २०२४ पासून कामासाठी आलेल्यांनाही लागतो. तो खोलीच्या मूळ किमतीवर, म्हणजे ७ टक्के व्हॅट वजा करून लावतात. ३६० युरोंतून व्हॅट काढला तर उरतात सुमारे ३३६, त्यावर कर सुमारे २५ युरो. नाश्ता हॉटेलातच माणशी १३ युरोंनी घेतला तर १३० युरो वाढले आणि एकूण ५१५ झाले. फरक उरला जेमतेम ३५ युरोंचा. तोच नाश्ता कोपऱ्यावरच्या बेकरीत माणशी सहा युरोंत झाला तर एकूण ४४५, आणि मग बचत १०५ युरोंची. म्हणजे श्पांडाऊ स्वस्त पडतं ते बेकरीमुळे. हा कर काही साइट्स दरात धरतात, काही ‘हॉटेलवर भरावा’ असं खाली बारीक अक्षरांत लिहितात. शेवटच्या पानापर्यंत जाऊन ते वाचल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नका.

खोलीच्या प्रकारात आपल्याकडची माणसं हमखास गोंधळतात. ‘डोपेलत्सिमर’ म्हणजे दोघांसाठी एकच रुंद पलंग. त्यावर बहुधा दोन गाद्या शेजारी-शेजारी आणि दोन वेगळ्या दुलया असतात. दोन भागीदार किंवा बागायतदार आणि त्याचा मॅनेजर असे जाणार असतील तर ‘त्स्वायबेटत्सिमर’ हवी, म्हणजे दोन सुटे पलंग. ते साइटवर निवडताच येत नसेल तर हॉटेलला ‘गेट्रेन्टे बेटन’ असा दोन शब्दांचा निरोप पाठवा, ते समजतात. ‘एटागेनबाड’ किंवा ‘गेमाइनशाफ्ट्सबाड’ लिहिलं असेल तर बाथरूम मजल्यावर सर्वांची मिळून एक. आणि ‘आल्टबाऊ’ म्हणजे जुनी इमारत. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर पेन्शन आणि लिफ्ट नाही, हे तिथे नवल नाही. लिफ्टला ‘आउफत्सुग’ म्हणतात. वर्णनात हा शब्द नसेल तर विचारून घ्या.

साखळी हॉटेलांत बी अँड बी, आयबिस बजेट, मोटेल वन ही नावं सारखी दिसतील. खोल्या लहान, स्वच्छ आणि सगळीकडे जवळपास सारख्या, त्यामुळे अंदाज चुकत नाही. ए अँड ओ आणि मायनिंगर यांच्याकडे वसतिगृहासारख्या खोल्याही मिळतात. तीन-चार जण असाल तर अख्खी खोली घ्या. अनोळखी लोकांबरोबर डॉर्ममध्ये झोपून सकाळी नऊला कोट घालून खरेदीदारासमोर उभं राहणं जमत नाही. डॉर्मच घेणार असाल तर चादर आणि टॉवेलचे पैसे वेगळे आहेत का ते बघा आणि बॅगेसाठी स्वतःचं कुलूप न्या. घरगुती अपार्टमेंट घ्यायचं असेल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे ना, हे तपासा. बर्लिनमध्ये राहती घरं पर्यटकांना देण्यावर कडक नियम आहेत.

बुकिंग कधी करायचं? गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षवेलींची फळांसाठीची छाटणी, उरकली की लगेच, म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत. प्रदर्शनाच्या आठवड्यात दर चढतात. त्यानंतर लगेच बर्लिनचा चित्रपट महोत्सव सुरू होतो, म्हणून पुढे राहायचा विचार असेल तर तेही दिवस महागच. पण या बुकिंगचा व्हिसाशी थेट संबंध आहे, त्यामुळे स्वस्तातली ‘नॉन-रिफंडेबल’ खोली या टप्प्यावर अजिबात घेऊ नका. मोफत रद्द करता येणारीच घ्या. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. मोठ्यांसाठी फी ९० युरो, अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा सेवा आकार वेगळा. दिवाळीनंतर मुंबईच्या अपॉइंटमेंट भराभर भरतात, हे लक्षात ठेवा.

व्हिसासाठी हॉटेलचा जो कागद लागतो त्यावर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. साइट एकाच्याच नावाने बुकिंग करते आणि दुसऱ्याला नुसतं ‘१ पाहुणा’ म्हणते. मग दुसऱ्या माणसाच्या अर्जात मुक्कामाचा पुरावाच राहत नाही. बुकिंग झाल्यावर ‘पाहुण्यांची नावं’ बदलून कागद पुन्हा डाउनलोड करा. सगळ्या रात्री जोडून हव्यात, मधली एकही सुटता कामा नये. पुढे आयातदाराला भेटायला रॉटरडॅमला जाणार असाल तर रात्री मोजा. नेदरलँड्समध्ये जास्त रात्री होत असतील तर अर्जही नेदरलँड्सकडे करायचा, जर्मनीकडे नाही. व्हिसा मिळाल्यावर हॉटेल बदललंत तर नवा कागद छापून जवळ ठेवा. विमानतळावरचा अधिकारी तो मागू शकतो. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो, हे बहुतेकांना एजंट सांगतोच.

रद्द करण्याची मुदत जर्मन वेळेनुसार असते. हिवाळ्यात तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. संध्याकाळी ६ची मुदत म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. फोनमध्ये मुदतीच्या दोन दिवस आधीचा गजर लावा, आदल्या रात्रीचा नको.

पैशांचं थोडक्यात. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करून ठेवा, नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो. रुपये निवडलेत तर बदलण्याचा दर ते मशीन ठरवतं आणि तो महागच असतो. छोट्या पेन्शनमध्ये काही वेळा फक्त जर्मन बँकांचं कार्ड किंवा रोख चालते, म्हणून दोनेकशे युरो नोटांमध्ये हवेत. काही हॉटेलं अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. ती सुटायला दिवस लागतात, तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा. बिल फर्मच्या नावाने हवं असेल तर चेक-इन करतानाच पूर्ण नाव-पत्ता लिहून द्या. जर्मन व्हॅटचं क्रेडिट आपल्या जीएसटीत मिळत नाही, तरी खर्च दाखवायला बिल लागतंच.

पोचण्याच्या दिवसाचं नियोजन वेगळं करा. मुंबईहून बर्लिनला जाताना बहुधा फ्रँकफर्ट, म्युनिक, इस्तंबूल किंवा दोहाला विमान बदलतात. रात्री निघालात तर सकाळीच बर्लिनला पोचता, आणि खोली मिळते दुपारी तीनला. बॅगा ठेवून घेतात का ते आधीच ई-मेलने विचारा, बहुतेक ठिकाणी ठेवतात. उलट रात्री उशिरा पोचणार असाल तर रिसेप्शन किती वाजता बंद होतं ते बघा. छोट्या ठिकाणी रात्री माणूस नसतो. दाराजवळच्या पेटीत किल्ली आणि तिचा कोड ई-मेलवर, अशी पद्धत असते. तो ई-मेल इंटरनेट नसतानाही उघडेल असा सेव्ह करून ठेवा. आत गेल्यावर नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो. २०२५ पासून जर्मन नागरिकांना त्यातून सूट आहे, आपल्याला नाही. पासपोर्ट हाताशी ठेवा.

तिकीट काढताना बर्लिनचे ए, बी, सी असे झोन पाहा. मैदान, श्पांडाऊ, शार्लोटेनबुर्ग हे सगळं एबीमध्ये येतं. विमानतळ मात्र सीमध्ये, म्हणून येता-जाता एबीसी तिकीट. कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय वैध होत नाही. तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतो आणि दंड ६० युरो. चार-पाच जण एकत्र दिवसभर फिरणार असाल तर २४ तासांचं गट-तिकीट प्रत्येकाचं वेगळं २४ तासांचं तिकीट काढण्यापेक्षा स्वस्त पडतं. एस-बानची दुरुस्ती चालू असली की मध्येच गाडीऐवजी बस देतात. म्हणून आदल्या रात्री अ‍ॅपवर उद्याचा मार्ग बघून झोपा.

खोलीत केटल बहुधा नसते. पिण्याच्या बाटल्याही ठेवत नाहीत, नळाचं पाणी थेट पितात आणि ते चांगलं असतं. दुकानातून घेतलंत तर ‘श्टिल’ लिहिलेलं घ्या, नाहीतर सोड्यासारखं निघेल. प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकून ती परत घ्या. हीटरच्या नॉबवर १ ते ५ आकडे असतात, ३ वर खोली साधारण २० अंशांपर्यंत राहते. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन बारीक पिनांचा बसतो. एक अ‍ॅडॉप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड न्या. अगरबत्ती लावू नका, खोलीत शेगडी पेटवू नका. धुराचा सेन्सर वाजला आणि अग्निशमन दल आलं तर खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनांतली उघडी. रविवारी पोचत असाल तर मुख्य स्टेशनवरच दूध-ब्रेड घेऊन पुढे जा.

बरोबर काय न्यायचं, यात एक गोष्ट आपल्या लोकांना जिवावर येते. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप सगळं त्यात आलं. आणि द्राक्षं! नमुन्याची पेटी बॅगेतून नेऊ असं अनेकांना वाटतं, पण फायटोसॅनिटरी, म्हणजे माल रोग-किडींपासून मुक्त असल्याच्या, प्रमाणपत्राशिवाय ताजी द्राक्षं नेणं नियमाबाहेर आहे. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांनाच सूट मिळते. नमुने रीतसर मालाबरोबर पाठवा, नाहीतर फोटो आणि तपासणी अहवाल न्या. चिवडा, चकली, मेतकूट, गरम पाण्यात होणारे उपमा-पोहे खुशाल घ्या. गरम पाणी नाश्त्याच्या खोलीतल्या यंत्रातून मिळतं, त्यासाठी थर्मास बॅगेत असू द्या.